स्मॉग टेस्टमध्ये नापास झालेली गाडी संस्थेला दान द्यावी का?

रेणू_बे · ३ सप्टेंबर २०२५, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या लोकांचा सल्ला हवा आहे, पण इतर राज्यांतल्यांनीही जरूर लिहा.

आमची २००६ ची सेडान परवा स्मॉग चेकमध्ये, म्हणजे राज्याच्या सक्तीच्या प्रदूषण तपासणीत, नापास झाली. १ लाख ८४ हजार मैल झालेत. रजिस्ट्रेशन ऑक्टोबरमध्ये संपतंय आणि स्मॉग पास झाल्याशिवाय नवा स्टिकर मिळत नाही. चेक इंजिनचा पिवळा दिवा उन्हाळाभर लागत-विझत होता, आम्ही दुर्लक्ष केलं. कागदावर कोड आहे पी०४२०. मेकॅनिक म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग) गेलाय आणि कॅलिफोर्नियात चालणारा नवा बसवायला १,९०० डॉलर पडतील. आज ती गाडी विकायला काढली तर तेवढेही येणार नाहीत.

नवरा म्हणतो, दान करून टाकू. "गाडी द्या, टो आम्ही करू, करात सूट मिळवा" अशा जाहिराती रेडिओवर रोजच लागतात. एका संस्थेला फोन केला, तर त्यांनी स्मॉगबद्दल चकार शब्द विचारला नाही. कुठल्या सालची, किती मैल, टायटल (मालकीचा कागद) आहे का, चावी आहे का, बस. शनिवारी येऊन उचलतो म्हणाले.

रात्री जेवताना मुलीने विचारलं, "आपण चालवायची नाही म्हणून देतोय ना, मग ज्यांना देतोय ते तिचं काय करणार?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला लहानपणी नचिकेताची गोष्ट मीच सांगितली आहे. बाप दूध आटलेल्या गाई दानात द्यायला निघाला, तेव्हा त्या पोरालाही हेच खटकलं होतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण ते घेणाऱ्याने. देणाऱ्याने तरी मोजायला हवेत असं मला वाटायला लागलंय.

तर अशी नापास गाडी देणं कायद्याने चालतं का, करात खरंच काही मिळतं का आणि मुख्य म्हणजे ती पुढे जाते कुठे? शनिवारच्या आत ठरवायचं आहे.

टेकडीवरचा · ३ सप्टेंबर, रात्री १०:१५

एवढा विचार कशाला? फेसबुकवर टाका, "जशी आहे तशी, स्मॉग नापास" असं स्पष्ट लिहा, ८०० डॉलरला कोणीही उचलेल. दोघांच्या सहीचा कागद करून ठेवा.

आंबोळी१२ · ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

असं करू नका रेणूताई. कॅलिफोर्नियात खाजगी विक्रीत स्मॉग सर्टिफिकेट देणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. "जशी आहे तशी" असं लिहून, सही घेऊनही ती टळत नाही. घेणाऱ्याला डीएमव्हीत (राज्याच्या वाहन खात्यात) गाडी नावावर करता आली नाही की तो तुमच्याच दारात येणार, आणि कायदा त्याच्या बाजूने असणार.

दान करताना ही अडचण येत नाही, कारण संस्था गाडी सहसा लिलावात परवानाधारक डीलरला किंवा गाड्या मोडणाऱ्याला विकते. डीलरला ती गिऱ्हाइकाला विकायची असेल तर आधी स्मॉग पास करून घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून तर तुम्हाला फोनवर कोणी विचारलं नाही. त्यात काही काळंबेरं नाही.

जुना_मेकॅनिक · ३ सप्टेंबर, रात्री ११:२०

वीस वर्षं याच कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नापास म्हणजे मागून काळा धूर निघतो असं नाही. २००० सालच्या आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांना २०१५ पासून इथे बहुतांशी नळीचा धूर मोजतच नाहीत. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. हा सॉकेट १९९६ पासून सगळ्या गाड्यांना सक्तीचा आहे.

पी०४२० चा अर्थ असा. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मागे एक. पुढच्याचं रीडिंग सतत वर-खाली होत असतं. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो, वापरतो, त्यामुळे मागच्याचं रीडिंग संथ राहतं. तुमच्या गाडीत मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागलाय. म्हणजे जे आत जातं ते जवळपास तसंच बाहेर पडतं: कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन, नायट्रोजनचे ऑक्साइड. यातलं काही डोळ्यांना दिसत नाही.

पण नुसत्या कोडवरून कन्व्हर्टर बदलू नका. एक्झॉस्टला गळती असली किंवा मागचा सेन्सर म्हातारा झाला असला तरी हाच कोड येऊ शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी तेल किती खाते ते सांगा. इंजिन तेल जाळत असेल तर त्यातलं फॉस्फरस कन्व्हर्टरच्या जाळीवर थर धरतं. तसं असेल तर नवा बसवलात तरी तोही दोन वर्षांत जाईल.

मुसाफिर_सॅनहोजे · ४ सप्टेंबर, सकाळी ७:०५

बॅटरीची वायर अर्धा तास काढून ठेवा. कोड पुसला जातो. लगेच नेऊन टेस्ट करा. माझ्या रूममेटने केलं होतं.

जुना_मेकॅनिक · ४ सप्टेंबर, सकाळी ७:५०

ते दिवस गेले. कोड पुसला की गाडीच्या आतल्या सगळ्या स्वयंतपासण्याही कोऱ्या होतात आणि मशीनला ते लगेच कळतं. २००० नंतरच्या पेट्रोल गाडीत फक्त इंधनाच्या वाफेची तपासणी अपुरी असलेली चालते, बाकीच्या पूर्ण लागतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवस थंड-गरम, शहर-हायवे अशी गाडी चालवावी लागते आणि तेवढ्यात दिवा परत लागतो. २०१० पासूनच्या गाड्यांत तर कायमस्वरूपी कोडही वाचतात, तो बॅटरी काढून जात नाही.

आणि समजा पास झालीच, तरी हवेत जायचं ते जातंच आहे ना.

रेणू_बे · ४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

तेलाचं विचारलंत म्हणून शोधलं. नवऱ्याला सवय आहे, डॅशबोर्डच्या कप्प्यात एक निळी वही ठेवतो. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, मैल, गॅलन. एकोणीस वर्षांची नोंद आहे त्यात. मधेच मुलीच्या जन्माच्या रात्रीचीही आहे, पहाटे ३:१०, ९.२ गॅलन.

तेलाच्या नोंदी कोपऱ्यात लाल शाईने आहेत. आधी वर्षात एखादी. गेल्या वर्षी पाच. यंदा मार्चपासून दर हजार मैलांना एक क्वार्ट (जवळपास एक लिटर). म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे असं दिसतंय.

जुना_मेकॅनिक · ४ सप्टेंबर, दुपारी १:१०

मग नवा कन्व्हर्टर बसवू नका. आधी इंजिन उघडावं लागेल आणि या वयाच्या गाडीला तो खर्च करा असं मी माझ्या बहिणीला सांगणार नाही. वही मात्र जपून ठेवा. अशी नोंद ठेवणारा गाडीमालक मला उभ्या आयुष्यात दोन-तीनदाच भेटला असेल.

इतरांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. गाडी आठ वर्षांच्या आणि ८०,००० मैलांच्या आत असेल तर कन्व्हर्टर आणि गाडीचा कॉम्प्युटर केंद्रीय कायद्यानेच वॉरंटीत असतो. कॅलिफोर्नियातल्या पीझेव्ह (अगदी कमी धूर सोडणाऱ्या) गाड्यांना तर ती १५ वर्षं किंवा १,५०,००० मैल होती. बॉनेटखालचं लेबल वाचा. लोक उगाच पदरचे पैसे भरतात.

आकडेमोड_जर्सी · ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

कराचं मी सांगते, दर वर्षी मैत्रिणींची रिटर्न्स भरते.

जाहिरातीत म्हणतात तसं "गाडीच्या बाजारभावाइतकी सूट" हे २००४ पर्यंत होतं. लोक २०० डॉलरच्या खटाऱ्याला जुन्या गाड्यांच्या दरपुस्तकातली ३,००० किंमत लावायचे. २००५ पासून नियम बदलला. ५०० च्या वर सूट मागायची असेल तर संस्थेने गाडी प्रत्यक्षात जितक्याला विकली तेवढीच मिळते. त्याचा कागद म्हणजे फॉर्म १०९८-सी, विकल्यापासून ३० दिवसांत संस्थेने द्यायचा असतो आणि तो रिटर्नला जोडायचा. ५०० किंवा कमीला विकली गेली, तर बाजारभाव किंवा ५०० यातलं जे कमी तेवढं.

याला अपवाद आहेत. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी ठेवून खरोखर वापरली, मोठी दुरुस्ती करून तिची किंमत वाढवली, किंवा एखाद्या गरजू माणसाला फुकट वा खूप स्वस्तात दिली, तर बाजारभाव धरता येतो. मात्र यातलं काय होणार ते संस्थेने लेखी द्यावं लागतं. कोणी फोनवर पूर्ण किंमत सांगत असेल तर विचारा, यातलं कुठलं करणार आहात?

आता मुख्य मुद्दा. ही सूट फक्त आयटमाइझ करणाऱ्यांना, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवून वजावट घेणाऱ्यांना आहे. २०२५ ला नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नचं स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट) ३१,५०० डॉलर आहे. घराचं व्याज, मालमत्ता कर वगैरे मिळून त्याच्या वर जात नसाल, तर गाडी दान करून केंद्रीय करात एक सेंटही वाचत नाही. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही दानावर थोडी सूट सुरू होतेय, पण ती फक्त रोख दानाला, गाडीला नाही.

हे ऐकून नाराज होऊ नका. दान हे दान म्हणून करावं. फक्त करसवलतीच्या आशेवर करत असाल तर आधी आकडे मांडा.

आंबोळी१२ · ४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:२०

छान लिहिलंत. कॅलिफोर्नियाकरांसाठी एक भर. केंद्राला स्टँडर्ड घेतलं तरी राज्याच्या रिटर्नला वेगळं आयटमाइझ करता येतं, आणि राज्याचं स्टँडर्ड डिडक्शन फार लहान आहे. २०२४ ला एकत्र रिटर्नसाठी ११,०८० डॉलर होतं. गृहकर्ज असलेली बरीच घरं त्याच्या वर जातात. त्यामुळे थोडंसं का होईना, राज्यात मिळू शकतं.

दुपारची_वेळ · ४ सप्टेंबर, रात्री ९:००

मी एका छोट्या संस्थेत आठवड्यातून दोन दिवस हिशेब बघते. निर्वासित कुटुंबांना घर लावून देणं हे आमचं काम. रेणूच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आतून पाहिलंय म्हणून लिहिते.

आमच्या नावाने दान आलेली गाडी आम्ही कधी डोळ्यांनी बघतही नाही. एक मध्यस्थ कंपनी फोन घेते, टो करते, लिलावात लावते, कागद पाठवते. आम्हाला महिन्याच्या शेवटी एक यादी येते. मागच्या यादीत एक जुनी, न चालणारी गाडी होती. लिलावात ४२५ डॉलर आले. टो, लिलावाचा खर्च आणि मध्यस्थाचा वाटा वजा जाऊन आमच्या खात्यात १६० जमा झाले. त्या १६० मध्ये एका घरातल्या दोन मुलांचे शाळेचे बूट आणि दप्तरं आली. मी त्याला कमी म्हणत नाही. पण देणाऱ्याला वाटत असतं की एखाद्या गरजू बाईला कामावर जायला गाडी मिळाली. तसं क्वचितच होतं.

म्हणून विचारताना "तुम्ही दान घेता का" असं विचारू नका. लिलाव कोण करतं, विक्रीतला किती भाग तुमच्याकडे राहतो, असं विचारा. नीट चालणारी संस्था उत्तर द्यायला कचरत नाही. आणि संस्थेचं नाव आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) साइटवर शोधून ५०१(सी)(३), म्हणजे मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था, आहे ना ते बघा. एकसारख्या नावांच्या बऱ्याच असतात.

टेकडीवरचा · ४ सप्टेंबर, रात्री ९:३०

४२५ मधले १६०? मग विकून पैसे दिलेले काय वाईट! विक्रीबद्दलचं माझं आधीचं म्हणणं मागे घेतो, सर्टिफिकेटचा नियम मला माहीत नव्हता.

दुपारची_वेळ · ४ सप्टेंबर, रात्री ९:४५

मध्यस्थावर राग धरण्यात अर्थ नाही. टो ट्रक, ड्रायव्हर, यार्डाचं भाडं, टायटलची कागदपत्रं हे सगळं आम्ही पाच माणसं करू शकत नाही. काही मध्यस्थ स्वतःच ना-नफा आहेत आणि मोठा भाग परत देतात. तुमचा हेतू कुठे पोचतो ते आधी बघून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

पूर्वकिनारा · ५ सप्टेंबर, सकाळी ६:१५

गरजूला खरंच गाडी मिळावी असं वाटत असेल तर तशा संस्था आहेत. आमच्याकडे मेरीलँडमध्ये व्हेईकल्स फॉर चेंज १९९९ पासून हेच करते. दान आलेल्या गाड्या दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या घरांना देते, आणि त्या दुरुस्त्यांवर लोकांना मेकॅनिकचं कामही शिकवते. व्हर्मॉन्टमधलं गुड न्यूज गॅरेज त्याहूनही जुनं. अर्थात दुरुस्तीचा खर्च झेपत नाही अशी गाडी त्याही लिलावालाच काढतात. तेल पिणारं इंजिन बहुधा तिकडेच जाईल.

रेणू_बे · ५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचा टो पुढे ढकलला आहे.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आंबोळी म्हणाल्या की इथल्या डीलरला स्मॉग पास करूनच विकावी लागते. पण लिलावातून ती दुसऱ्या राज्यात गेली तर?

आकडेमोड_जर्सी · ५ सप्टेंबर, सकाळी ९:१०

जाऊ शकते. फ्लॉरिडात धुराची टेस्टच नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२० च्या सुरुवातीला बंद केली. टेक्सासमध्ये फक्त मोठ्या शहरांच्या काही काउंट्यांत आहे. तिथे तुमची गाडी पूर्णपणे कायदेशीर आहे.

जुना_मेकॅनिक · ५ सप्टेंबर, सकाळी ९:५५

माझ्या गॅरेजचं दार ८८० हायवेच्या बाजूला उघडतं, म्हणून मला हे बोलायचंच आहे. ओकलंडमध्ये डोंगराकडच्या ५८० वर साडेचार टनांपुढच्या ट्रकना बंदी आहे, म्हणून सगळे ट्रक खालच्या ८८० वरून जातात, जिथे गरीब वस्ती आहे. संध्याकाळी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं तर काळं होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या दप्तरांत इनहेलर असतात. जुनी नापास गाडी जिथे जाते तिथे सहसा अशीच वस्ती असते, कारण श्रीमंत वस्तीत ती कोणी विकत घेत नाही.

या राज्याने ही लढाई फार आधी सुरू केली. १९४३ मध्ये लॉस एंजलिसवर इतका धूर उतरला की लोकांना रासायनिक हल्ला वाटला. तो गाड्यांच्या धुरावर ऊन पडून तयार होतो हे पसाडेनाच्या कॅलटेकमधल्या हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवलं. त्याआधी तो अननसाच्या स्वादाचं रसायन शोधत होता! पुढे १९६८ मध्ये राज्याचं हवा मंडळ झालं तेव्हा तोच पहिला अध्यक्ष. आज तिथले डोंगर स्वच्छ दिसतात ते अशा कटकटीच्या नियमांमुळे आणि टेस्टमुळे. म्हणून नापास गाडी सोडवून देण्याच्या युक्त्या ऐकल्या की मला खरंच वाईट वाटतं.

रेणूताई, तुमच्यासाठी आणखी एक रस्ता आहे. राज्याचा ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर नापास गाड्या पैसे देऊन निवृत्त करतो. दर दोन वर्षांनी होणाऱ्या नेहमीच्या स्मॉग चेकमध्ये नापास झालेल्या गाडीला १,३५० डॉलर, उत्पन्न कमी असेल तर त्याहून जास्त. गाडी त्यांनी ठरवलेल्या मोडणाऱ्याकडेच न्यायची, तिथे ती कायमची रस्त्यावरून उतरते. दुसऱ्या राज्यात जायचा प्रश्नच नाही. ज्यांना गाडी ठेवायचीच आहे आणि उत्पन्न मर्यादेत आहे त्यांना हाच ब्युरो १९९६ आणि नंतरच्या गाडीच्या दुरुस्तीला १,४५० पर्यंत मदत करतो, स्टार लिहिलेल्या स्टेशनवर.

टेकडीवरचा · ५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

पण त्यात चांगले दरवाजे, काचा, सीट भंगारात जातात ना? लिलावातून मोडणाऱ्याकडे गेली असती तर तिचे पार्ट दुसऱ्या दहा गाड्यांना लागले असते. नव्या पार्टचाही धूर कुठेतरी होतोच. मला हे पूर्ण पटत नाही.

जुना_मेकॅनिक · ५ सप्टेंबर, सकाळी १०:५०

तुमचा मुद्दा खरा आहे. लिलावातून नक्की मोडणाऱ्याकडेच जाईल अशी खात्री असती तर मीही तेच म्हणालो असतो. ती खात्री देणाऱ्याला कोणी देत नाही, म्हणून मी हा रस्ता सांगतोय.

आंबोळी१२ · ५ सप्टेंबर, सकाळी ११:३०

मी दोन वर्षांपूर्वी याच योजनेत गाडी दिली. अटी: गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर हवी, संस्थेच्या किंवा कंपनीच्या नाही. म्हणजे एकदा दान करून बसलात की हा रस्ता बंद, आधीच ठरवा. गेली दोन वर्षं रजिस्ट्रेशन या राज्यात सलग असावं. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आत यायला हवी, टो करून नाही. दारं, बंपर, काचा जागेवर हव्यात. अर्ज करून मंजुरीचं पत्र आल्याशिवाय गाडी नेऊ नका.

आणि रजिस्ट्रेशनची फी मात्र वेळेत भरून टाका. स्मॉग झालं नाही तर नवा स्टिकर येत नाही, पण फी भरलेली असली की उशिराचा दंड लागत नाही.

निशिगंध_डब्लिन · ५ सप्टेंबर, दुपारी ३:१५

कोणत्याही मार्गाने गाडी जाऊ द्या, पण माझी चूक करू नका. सहा वर्षांपूर्वी आम्ही दान केली. टो ट्रकवाल्याला टायटल सही करून दिलं, पावती घेतली आणि विसरलो. डीएमव्हीला गाडी गेल्याची सूचना द्यायची असते हे माहीतच नव्हतं. चार महिन्यांनी दुसऱ्या शहरातून पार्किंगचे तीन दंड आले, मग रस्त्यावर सोडलेली गाडी उचलून ठेवल्याचं यार्डाचं बिल. गाडी अजून आमच्याच नावावर होती. कुणी विकत घेऊन नावावर न करता वापरत होतं. ते निस्तरायला आठ महिने गेले, आणि सासूबाई तेव्हा आजारी होत्या. रोज संध्याकाळी दवाखान्यातून येऊन मी ती पत्रं लिहायची.

कॅलिफोर्नियात पाच दिवसांच्या आत "नोटीस ऑफ रिलीज ऑफ लायबिलिटी" भरायची. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम आहे. टो ट्रक गल्लीतून वळायच्या आत फोनवरून भरा, मैल लिहा, पावतीचा फोटो काढा. नंबर प्लेट इथे गाडीबरोबरच जाते.

आकडेमोड_जर्सी · ५ सप्टेंबर, दुपारी ३:४०

न्यू जर्सी, न्यूयॉर्कमध्ये उलट. प्लेट काढून परत करायची, मगच विमा बंद करायचा. आणि टायटलवर घेणाऱ्याच्या जागी नाव कोरं सोडू नका, संस्थेचंच नाव लिहून घ्या. निशिगंध म्हणतात ते प्रकार कोऱ्या टायटलमुळेच होतात.

रेणू_बे · ६ सप्टेंबर, सकाळी १०:००

ठरलं. निवृत्तीचा अर्ज काल रात्री भरला. जे पैसे येतील ते दुपारची_वेळ यांच्या संस्थेसारख्या एखाद्या संस्थेला चेकने देणार. संस्थेला लिलावातून जे मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट जास्त जातील, आणि मुलीला "गाडी कुठे गेली" याचं खरं उत्तर देता येईल. हे आधी सुचलंच नव्हतं. दान म्हटलं की गाडी द्यायची असंच डोक्यात होतं.

दुपारची_वेळ, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

आकडेमोड_जर्सी · ६ सप्टेंबर, सकाळी १०:२५

उत्तम. चेकची पावती मात्र लेखी घ्या, २५० डॉलर किंवा वर असलं की ती सक्तीची असते. आणि चेक म्हणजे रोख दानच, त्यामुळे १०९८-सी वगैरे काही लागणार नाही.

रेणू_बे · १७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

उशिरा लिहितेय, पण ज्यांनी एवढं सांगितलं त्यांना शेवट सांगायलाच हवा.

मंजुरीचं पत्र आलं आणि आज आम्ही तिघं गाडी घेऊन गेलो. लेकीने हट्टाने हायवेपर्यंत चालवली, पुढे नवऱ्याने. यार्डाच्या फाटकाशी पोचलो तर पुढे सहा-सात गाड्यांची रांग, सगळ्या आमच्यासारख्याच, कुठे रंग उडालेला, कुठे आरसा टेपने चिकटवलेला. तिथल्या माणसाने बॉनेट उघडून पाहिलं, चालू करून थोडी पुढे-मागे घ्यायला सांगितली, दिवे, काचा बघितल्या, कागद तपासले. वीस मिनिटांत चेक हातात.

नवरा एवढा वेळ गप्प होता. चावी देताना त्या माणसाला म्हणाला, "पहिल्या गिअरला जरा थांबते, घाई करू नका तिला." त्या माणसाने मान हलवली आणि खरंच हळूच घेऊन गेला.

डीएमव्हीची सूचना तिथे उभ्या-उभ्याच फोनवरून भरली. निशिगंध, तुमची आठवण काढली. चेक बँकेत भरला आणि तेवढ्याच रकमेचा आमचा चेक संध्याकाळी संस्थेला पोस्टात टाकला, पूर्ण १,३५० चा. दुपारची_वेळ म्हणाल्या, या महिन्यात एका कुटुंबाच्या घराचं डिपॉझिट भरायचं आहे, त्यात जाईल.

वही घरी आणली आहे. नवऱ्याने आल्यावर शेवटची ओळ लिहिली. तारीख, १,८४,९०६ मैल, पेट्रोल पाव टाकी.

जुना_मेकॅनिक · १७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

वाचून फार बरं वाटलं. टोलचं फास्टट्रॅक यंत्र काचेवरून काढलंत ना? बरेच जण विसरतात.

रेणू_बे · १७ ऑक्टोबर, रात्री ९:५५

काढलं. लेकीनेच काढलं, नखाने खरवडून. काचेवर चौकोनी डाग राहिला होता, तोही तिने रुमालाने पुसला.